मिथेन नेमका कुठे अडतो?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत आता महानगर गॅसची पाइपलाइन पोहोचली आहे. तिच्यातून येणारा वायू बहुतांशी मिथेन असतो. सोसायट्यांमध्ये त्यावर स्वयंपाक होतो, पंपावर तो सीएनजी म्हणून रिक्षांत भरला जातो, एमआयडीसीतले काही कारखाने त्यावर बॉयलर चालवतात. सगळीकडे त्याचे शेवटी होते एकच. तो जळतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. त्याच एमआयडीसीच्या गेटातून रोज टँकर आणि ड्रम आत येत असतात: मिथेनॉल, फॉर्मल्डिहाइड, अॅसेटिक अॅसिड, मिथिलीन क्लोराइड. औषधांची आणि रंगांची इंटरमीडिएट बनवणाऱ्यांचे या मालावाचून पान हलत नाही. भारत आपल्या गरजेचे बहुतांश मिथेनॉल आयात करतो आणि ते प्रामुख्याने आखाती देशांतून येते. तिथे ते बनते मिथेनपासूनच.

रस्त्याखालचा वायू आणि टँकरमधले मिथेनॉल यांच्यात फरक आहे एका ऑक्सिजन अणूचा. तो अणू मध्ये बसवायला आजही आठशे-नऊशे अंशांची भट्टी, नंतर उच्च दाबाचा दुसरा रिअॅक्टर आणि हजारो कोटींची गुंतवणूक लागते. एका पायरीत, सौम्य तापमानाला आणि परवडेल अशा रीतीने हे काम जगात कुठेच मोठ्या प्रमाणावर होत नाही. असे का, आणि ते बदलायला अभिक्रियेच्या वेगाचे गणित, म्हणजे रासायनिक गतिकी, किती उपयोगी पडली आहे, याचा हा आढावा.

या विषयाच्या बातम्या बहुधा नव्या उत्प्रेरकांच्या असतात. अमुक धातू, तमुक झिओलाइट, इतके टक्के कन्व्हर्जन. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचे काम ओळीने पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. खरी वाट मोकळी झाली ती कुणीतरी चिकाटीने वेग मोजले, समीकरण बसवले आणि माल नेमका कोणत्या पायरीवर वाया जातो ते दाखवले तेव्हा. आणि त्यातली काही सर्वांत मोलाची उत्तरे ‘या वाटेने जमणार नाही’ अशी आहेत.

मिथेन मुळात हट्टी रेणू. त्यातला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि रेणू चहूबाजूंनी सारखा असल्याने उत्प्रेरकाला पकडायला कोपरा मिळत नाही. तरीही खरी अडचण बंध तोडण्याची नाही, थांबण्याची आहे. मिथेनॉलमधला तसाच बंध तोडायला सुमारे ४०२ किलोज्यूल पुरतात. म्हणजे मिथेनला हात घालू शकणारा उत्प्रेरक तयार झालेल्या मिथेनॉलवर आणखी जोराने तुटून पडतो, आणि प्रवास कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाऊनच थांबतो.

हे आकड्यांत पाहता येते. मिथेनपासून मिथेनॉल आणि मिथेनॉलपासून कार्बन डायऑक्साइड अशा दोन साध्या, एकापाठोपाठच्या पायऱ्या धरा. दोन्हींचा वेगस्थिरांक सारखा असेल, तर रिअॅक्टर कितीही लांब केला, कितीही आखूड केला, मिथेनॉलचे यील्ड ३७ टक्क्यांवर जात नाही. दुसरी पायरी दहापट वेगवान असेल तर कमाल यील्ड ८ टक्क्यांच्या आत राहते. वीसपट असेल तर जेमतेम ४ टक्के. उलट पहिली पायरी दहापट वेगवान करता आली तर ७७ टक्के मिळतात. कागदावर दहा मिनिटांत सुटणारे हे गणित आहे. तरी त्यात या क्षेत्राचे निम्मे दुखणे आले. उत्प्रेरक ‘जास्त सक्रिय’ करून काही साधत नाही, कारण दोन्ही वेग एकदम वाढतात आणि गुणोत्तर जागच्या जागी राहते. बदलायचे असते ते गुणोत्तर.

गतिकीचे प्रतिमान म्हणजे अशा पायऱ्यांची यादी, प्रत्येक पायरीच्या वेगाचे समीकरण आणि तापमान, दाब, मिश्रण बदलले की ते वेग कसे बदलतात याचा हिशेब. त्यातून पहिली गोष्ट कळते ती अडणारी पायरी कोणती. कर्जत मार्गाच्या गाड्या कल्याणला कसारा मार्गाच्या गाड्यांत मिसळतात. तिथली क्षमता तेवढीच राहिली तर बदलापूरहून लोकल वाढवून मुंबईत पोहोचणारे वाढत नाहीत. रसायनांतही पैसा आणि मेहनत नेमकी कुठे घालायची हे अडणारी पायरी सापडल्याशिवाय ठरत नाही.

या पट्ट्याला मिथेनच्या रसायनाशी जोडणारा सर्वांत जुना धागा शब्दशः धागाच आहे. उल्हासनगरजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉन १९५० च्या दशकापासून व्हिस्कोस धागा बनवते. पलीकडे मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना होता. लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज विरघळवण्यासाठी या उद्योगाला कार्बन डायसल्फाइड लागते. ४६ अंशांना उकळणारे हे द्रव इतके ज्वालाग्राही आहे की त्याची वाफ नुसत्या गरम स्टीम पाइपच्या स्पर्शानेही पेट घेऊ शकते. ते बनवण्याचे दोन मार्ग जगात रूढ आहेत. जुना मार्ग लोणारी कोळसा आणि गंधक तापवण्याचा. नवा मार्ग मिथेन आणि गंधकाची वाफ सुमारे ६०० अंशांना सिलिका किंवा अॅल्युमिनासारख्या उत्प्रेरकावरून नेण्याचा. त्यात कार्बन डायसल्फाइडबरोबर हायड्रोजन सल्फाइड निघते. क्लॉस प्रक्रियेने त्यातले गंधक परत मिळवून पुन्हा वापरता येते.

या दुसऱ्या मार्गाच्या वेगाचा अभ्यास अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात जे. एम. स्मिथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या आसपास केला. हेच स्मिथ पुढे रासायनिक गतिकीच्या पाठ्यपुस्तकामुळे जगभरच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना माहीत झाले. त्यांच्यापुढची अडचण मोठी मनोरंजक होती. गंधकाची वाफ म्हणजे एक पदार्थ नव्हे. कमी तापमानाला तिच्यात आठ आणि सहा अणूंचे रेणू जास्त असतात, तापमान चढले की ते फुटून दोन अणूंचे होतात. मग वेगाच्या समीकरणात ‘गंधकाचा दाब’ म्हणून नेमका कोणत्या रेणूचा दाब घालायचा? आधी गंधकाच्या रेणूंचा आपापसातला समतोल सोडवावा लागतो, मगच मिथेनच्या पायरीला हात घालता येतो. हे केले नाही तर तापमानाचा परिणाम चुकीच्या खात्यावर जमा होतो आणि समीकरण एका तापमानाला जुळून दुसऱ्याला फसते.

इथे मिथेन एका फेरीत नव्वद टक्क्यांहून अधिक बदलतो आणि तरीही माल हातचा जात नाही. कारण गंधक हा ऑक्सिजनपेक्षा सौम्य ऑक्सिडीकारक आहे आणि या परिस्थितीत तयार झालेल्या कार्बन डायसल्फाइडच्या पुढे नासाडीची दुसरी पायरीच उरत नाही. वरच्या गणिताच्या भाषेत, दुसरा वेग जवळजवळ शून्य. हीच कल्पना घेऊन नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या टोबिन मार्क्स यांच्या गटाने २०१३ मध्ये मिथेनपासून एथिलीन मिळवण्यासाठी ऑक्सिजनऐवजी गंधक वापरून पाहिले. रेयॉनच्या जुन्या धंद्यात नव्या संशोधनाचे बीज होते, हे या भागातल्या वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे.

महाराष्ट्रातल्या मिथेनच्या मोठ्या उद्योगाचा आरंभ मात्र समुद्रात आहे. १९७४ मध्ये मुंबई हायचा शोध लागला, उरणला वायू किनाऱ्यावर आला आणि १९८५ च्या सुमारास अलिबागजवळच्या थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अमोनिया-युरियाचा प्रचंड प्रकल्प सुरू झाला. ट्रॉम्बे आणि तळोजा इथेही नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनवण्याचे प्लांट उभे राहिले. या सगळ्यांची पहिली पायरी एकच, वाफेने मिथेनचे रिफॉर्मिंग. निकेलच्या उत्प्रेरकावर मिथेन आणि वाफ यांपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, म्हणजेच संश्लेषण वायू. ही अभिक्रिया मोलमागे २०६ किलोज्यूल उष्णता गिळते, म्हणून ती भट्टीत उभ्या टांगलेल्या नळ्यांच्या आत करावी लागते.

त्यातली एक नळी जवळून पाहण्यासारखी आहे. हाताच्या वितीत मावेल एवढा व्यास, लांबी दहा-बारा मीटर, बाहेरून ज्वाळांचा मारा, आत उत्प्रेरकाच्या गोळ्या. नळीचा धातू ठरलेल्या तापमानापेक्षा वीस अंशांनी जरी सतत जास्त तापला, तरी तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते असे प्लांटमधले लोक धरून चालतात. त्यामुळे नळीच्या कोणत्या उंचीवर किती उष्णता शोषली जाईल हे आधी सांगता येणे म्हणजे कोट्यवधी रुपयांचा प्रश्न. ते सांगायला वेगाचे समीकरण लागते.

बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात शू आणि फ्रोमां यांनी १९८९ मध्ये दिलेली समीकरणे आजही जगभर वापरली जातात. त्यांनी आधी पायऱ्यांचे अनेक संभाव्य संच मांडले आणि मग प्रयोगाशी जुळत नाहीत किंवा ज्यांचे स्थिरांक भौतिकदृष्ट्या अशक्य येतात ते एकेक करून बाद केले. त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट अधिक धक्कादायक होती. औद्योगिक गोळीच्या आत वायूला शिरायला इतका वेळ लागतो की गोळीतला बहुतेक उत्प्रेरक रिकामा बसून राहतो. काम करते ते फक्त पृष्ठभागाजवळचे पातळ कातडे. गोळीच्या संभाव्य क्षमतेपैकी दोन-चार टक्केसुद्धा वापरात येत नाहीत. म्हणूनच आजच्या रिफॉर्मिंगच्या गोळ्यांना चार, सात, दहा भोके असतात. निकेलचे प्रमाण वाढवण्यापेक्षा आकार बदलून पृष्ठभाग वाढवणे फायद्याचे ठरते.

पुढे २००४ च्या सुमारास बर्कलीत वेई आणि इग्लेसिया यांनी काळजीपूर्वक प्रयोग करून दाखवले की त्यांच्या परिस्थितीत वेग फक्त मिथेनच्या दाबावर अवलंबून असतो. सोबत वाफ असो की कार्बन डायऑक्साइड, त्याने फरक पडत नाही. अडणारी पायरी एकच, पहिला कार्बन-हायड्रोजन बंध तुटण्याची. शू-फ्रोमांच्या समीकरणात मात्र वाफ आणि हायड्रोजनही छेदस्थानी आहेत. मग खरे कोणाचे? घेंटचे रिफॉर्मिंगचे प्रयोग साधारण ५०० ते ५७५ अंशांना झाले होते, वायूंचे मिश्रणही वेगळे होते. दोन्ही समीकरणे आपापल्या मुलखात खरी आहेत. समीकरण कोणत्या तापमानाच्या, कोणत्या दाबाच्या प्रयोगांतून आले ते न पाहता थेट प्लांटच्या संगणकात भरणे ही या विद्येतली सर्वांत सर्रास चूक आहे.

आता या आढाव्यातल्या सर्वांत समृद्ध प्रकरणाकडे. १९८२ मध्ये युनियन कार्बाइडमधल्या केलर आणि मदन भसीन यांनी दाखवले की धातूंच्या ऑक्साइडांवर मिथेन आणि ऑक्सिजन यांपासून थेट दोन कार्बनांचे रेणू, म्हणजे एथेन आणि एथिलीन, मिळू शकतात. एथिलीन म्हणजे प्लास्टिकचा पाया; त्यामुळे जगभर अक्षरशः झुंबड उडाली. शेकडो उत्प्रेरक तपासले गेले. लन्सफोर्ड यांनी लिथियम घातलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडवर काम केले, चीनमधून १९९२ मध्ये मँगनीज-सोडियम टंगस्टेटचा उत्प्रेरक आला. आकडे वाढत गेले आणि ३० टक्के यील्डच्या आसपास येऊन अडकले. उत्प्रेरक बदला, प्रयोगशाळा बदला, भिंत तिथेच.

ही भिंत का, हे गतिकीने सांगितले. या अभिक्रियेत उत्प्रेरकाचा पृष्ठभाग मिथेनचा एक हायड्रोजन काढून घेतो आणि मिथिल रॅडिकल वायूत सोडून देतो. असे दोन रॅडिकल वायूतच भेटून एथेन होते. म्हणजे निम्मा खेळ उत्प्रेरकाच्या हाताबाहेर चालतो आणि तिथे ऑक्सिजनचेही रेणू फिरत असतात. १९८८ मध्येच लॅबिंजर यांनी या निवडकतेला अंगभूत मर्यादा असावी असे मांडले होते. २००३ मध्ये एमआयटीतल्या सू, यिंग आणि ग्रीन यांनी प्रश्न उलटा फिरवला. अमुक उत्प्रेरक किती यील्ड देईल, असे न विचारता त्यांनी विचारले: उष्मागतिकीच्या नियमांत बसणारा कल्पनेतला सर्वोत्तम उत्प्रेरक घेतला आणि वायूतल्या अटळ अभिक्रिया त्याच्या जोडीला धरल्या, तर जास्तीत जास्त किती मिळेल? नेहमीच्या परिस्थितीत उत्तर आले सुमारे २८ टक्के.

हे उत्तर नकारार्थी असले तरी त्याने पुढच्या कामाची दिशा ठरवली. उत्प्रेरक घासून-पुसून भिंत फुटणार नसेल तर रिअॅक्टर बदलला पाहिजे. ऑक्सिजन एकदम न सोडता पडद्यातून नळीभर थोडा थोडा झिरपू द्यावा. तयार माल लगेच बाहेर काढून उरलेला मिथेन परत फिरवावा. किंवा ऑक्सिजन वायू न देता ऑक्साइडमधलाच ऑक्सिजन आळीपाळीने वापरावा. ताकानाबे आणि इग्लेसिया यांनी २००८ मध्ये आणखी एक फट दाखवली. मँगनीज-टंगस्टेटवर पाण्याची वाफ असेल तर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, आणि मिथेन व एथिलीन यांच्यात ते ऑक्सिजनइतका घातक भेद करत नाहीत. पाणी हा इथे उपपदार्थ. तोच मदतीला येतो. निव्वळ उत्प्रेरकांची चाळण लावून हे कधी सापडले नसते.

अमेरिकेतल्या सिल्युरिया कंपनीने ही प्रक्रिया २०१५ मध्ये टेक्सासमध्ये प्रात्यक्षिक प्लांटपर्यंत नेली. २०१९ मध्ये तिचे तंत्रज्ञान दुसऱ्या कंपनीकडे गेले. व्यापारी एथिलीन अजूनही बहुतांशी नाफ्था आणि एथेन फोडूनच निघते.

या शर्यतीत पुण्याचे नाव आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वसंत चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून मिथेनवर सातत्याने काम केले: लँथेनम-मॅग्नेशियम ऑक्साइडवर मिथेनची जोडणी, निकेल-कॅल्शियम ऑक्साइडवर ऑक्सिजनने संश्लेषण वायू, आणि उष्णता देणारी व उष्णता घेणारी अभिक्रिया एकाच रिअॅक्टरमध्ये एकमेकींना सावरतील अशी मांडणी. १९९७ मध्ये चौधरी, किनगे आणि तुषार चौधरी यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. गॅलियम असलेल्या झिओलाइटवर, सोबत अल्किन किंवा जड हायड्रोकार्बन असेल तर, मिथेन ऑक्सिजनशिवाय ४०० ते ६०० अंशांना सुगंधी संयुगांत जातो, असे त्यात होते. एकट्या मिथेनला उष्मागतिकी या तापमानाला फारशी वाट देत नाही. जोडीदार दिला की समतोलाचे गणितच बदलते.

आणि हे पुण्यात घडले यामागे परंपरा आहे. प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले एल. के. दोराईस्वामी आणि मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीतले, म्हणजे आजच्या आयसीटीतले, एम. एम. शर्मा यांनी १९८४ मध्ये विषम अभिक्रियांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. घन, द्रव आणि वायू एकत्र येतात तेव्हा वेग रसायनाने ठरतो की वहनाने, हे ओळखायची रीत त्यात आहे. माटुंग्याला शिकलेले कितीतरी इंजिनिअर अंबरनाथ-बदलापूर-डोंबिवलीच्या कारखान्यांत आले. ज्ञानाची ओळ इथवर पोहोचलेली आहे. ती वापरली किती जाते हा प्रश्न आहे आणि त्याकडे शेवटी येऊ.

थेट मिथेनॉलच्या बाबतीत निसर्गाने उत्तर काढलेले आहे. मिथेनवर जगणारे जीवाणू लोह किंवा तांबे असलेल्या एन्झाइमने साध्या तापमानाला हे काम करतात. प्रयोगशाळेत १९९८ मध्ये पेरिआना यांनी प्लॅटिनमच्या संयुगाने, ओलियममध्ये, म्हणजे धुमसत्या गंधकाम्लात, २२० अंशांना ७० टक्क्यांहून अधिक यील्ड मिळवले. गुपित हे की मिथेनॉल मोकळे राहतच नव्हते. ते बायसल्फेटच्या रूपात झाकले जात होते आणि त्यामुळे दुसरी पायरी मंदावत होती. पण मग ते गंधकाम्लातून सोडवून घेणे महाग पडते. पुढे २०१८ मध्ये स्टॅनफर्डमधल्या गटाने हीच निवडकतेची मर्यादा गणनेने मांडली. लेखकांत अंबरीश कुलकर्णी होते. त्यांचा निष्कर्ष असा की निव्वळ पृष्ठभागाच्या रसायनाने मिथेनॉलला मिथेनपेक्षा सुरक्षित करणे जवळपास अशक्य; त्याला पाण्यात ओढून घेणे किंवा टप्प्याटप्प्याने काढून घेणे हेच मार्ग.

ऑक्सिजनशिवायच्या मार्गांत २०१४ मध्ये चीनमधल्या गटाने सिलिकात सुटे लोह अणू अडकवून १०९० अंशांना ४८ टक्के कन्व्हर्जन दाखवले, काजळी जवळजवळ न होता. इतक्या तापमानाला वायूतल्या रॅडिकल अभिक्रियांचे गणित केल्याशिवाय उत्प्रेरकाचे श्रेय किती आणि उष्णतेचे किती ते ठरत नाही. त्यावर अजून वाद चालू आहे.

प्रतिमानांवर किती विसंबायचे, हे सांगितल्याशिवाय आढावा पुरा होत नाही. नैसर्गिक वायूच्या ज्वलनासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध यंत्रणेत ५३ पदार्थ आणि ३२५ अभिक्रिया आहेत, आणि त्यात उत्प्रेरक नाहीच. पृष्ठभागाच्या पायऱ्या धरल्या की अज्ञातांची संख्या आणखी फुगते. हल्ली पुष्कळ स्थिरांक क्वांटम गणनेतून घेतात. तिथे मोलमागे २० किलोज्यूलची चूक सहज होते. ऐकायला लहान वाटते. पण सव्वादोनशे अंशांना तेवढ्या चुकीने वेग शंभरपटीहून अधिक बदलतो. शिवाय उत्प्रेरक स्वतः स्थिर नसतो. सोडियम टंगस्टेट ७०० अंशांच्या आसपास वितळते आणि मिथेनची जोडणी होते ८०० ला. म्हणजे ज्याला घन पृष्ठभाग समजून समीकरण मांडले तो त्या क्षणी द्रवाचा थर असतो. अशा वेळी सुंदर जुळलेला आलेख हा पुरावा नसतो. न पाहिलेल्या परिस्थितीत प्रतिमानाने सांगितलेले खरे निघाले, तरच त्यावर विश्वास ठेवावा.

अंबरनाथ किंवा बदलापूरला उद्या कुणी रिफॉर्मर उभारणार नाही. जागा नाही, प्रमाण बसत नाही, वस्ती गेटाला येऊन भिडली आहे. मग या विद्येचा इथे उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे, फक्त तो मिथेनपुरता नाही. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून हा पट्टा रसायनांवर जगतो आहे. आज इथला नमुनेदार रिअॅक्टर नळीचा नाही, बॅचचा आहे: काही हजार लिटरचे काच-अस्तराचे किंवा स्टीलचे भांडे, भोवती जॅकेट, वर ढवळणी, आणि हळूहळू सोडला जाणारा दुसरा कच्चा माल.

इथेही वेग दोनच आहेत, सोडण्याचा आणि संपण्याचा. भांडे थंड असेल तर सोडलेला माल लगेच संपत नाही, साचतो. तापमान चढत नाही म्हणून ऑपरेटरला वाटते रिअॅक्शन पकडत नाहीये, आणि तो सोडणे चालू ठेवतो किंवा वाफ देतो. मग साचलेले सगळे एकदम पेट घेते. निघणारी उष्णता तापमानाबरोबर घातांकाने वाढते, जॅकेटने काढायची उष्णता मात्र सरळ रेषेत. सेमेनोव्ह यांनी १९२० च्या दशकात हे स्पष्ट मांडले. त्यात आकाराची भर. एक लिटरच्या फ्लास्कवरून पाच हजार लिटरच्या भांड्यावर गेले की दर लिटरमागे थंड करायला मिळणारा पृष्ठभाग सतराव्या हिश्शावर येतो. प्रयोगशाळेत गुण्यागोविंदाने वागलेली रिअॅक्शन प्लांटमध्ये का उसळते, याचे उत्तर बहुतेक वेळा या एका भागाकारात असते. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत झालेल्या स्फोटाने या पट्ट्यातल्या कित्येक घरांतली माणसे नेली. प्रत्येक नव्या रिअॅक्शनची उष्णता आणि वेग कॅलरीमीटरमध्ये मोजूनच ती मोठ्या भांड्यात न्यावी, हा नियम कागदावर राहता कामा नये.

दुसरा उपयोग नदीसाठी. वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरने आणून नदीत ओतलेल्या रासायनिक कचऱ्यातून विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. तो गुन्हाच होता. पण कचरा जन्मतो कुठे? यील्ड ८० टक्के म्हणजे उरलेले २० टक्के कुठेतरी जातात: डांबरात, मदर लिकरमध्ये, ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात. मिथेनच्या अभ्यासकांनी ज्या हट्टाने दुसऱ्या, नको असलेल्या पायरीचा वेग मोजला, तोच हट्ट इथल्या एखाद्या नायट्रेशनला किंवा हायड्रोजनेशनला लावला तर सांडपाण्याचा बोजा पाइपच्या टोकाला न जाता भांड्याच्या आतच कमी होतो. प्रक्रिया केंद्र वाढवण्यापेक्षा हा खर्च थोडा आहे.

आणि शेवटी मिथेनही आहेच, पण पाइपलाइनचा नव्हे. ओल्या कचऱ्यातून आणि मैल्यातून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण प्रकल्पांमुळे महाराष्ट्रातल्या नगरपालिकांना या वायूची ओळख आहे. दोन्ही वायू एकाच नळीत आयते मिळतात, म्हणून त्यांची एकमेकांशी अभिक्रिया करून संश्लेषण वायू करण्याची, म्हणजे ड्राय रिफॉर्मिंगची, कल्पना आकर्षक वाटते. ती मोलमागे सुमारे २४७ किलोज्यूल उष्णता मागते आणि निकेलवर कार्बनचे तंतू उगवून नळी बंद पाडते. कार्बन साचण्याचा वेग आणि तो वायूरूप होऊन निघून जाण्याचा वेग यांतला फरक कोणत्या तापमानाला, वाफेच्या किती शिडकाव्याने शून्यावर येतो, हे मोजावे लागेल. बायोगॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडने निकेल किती दिवसांत मरतो, तेही. हे प्रयोग प्रयोगशाळेतल्या टेबलावर मावणाऱ्या रिअॅक्टरमध्ये, काही ग्रॅम उत्प्रेरकावर होतात. माटुंग्याची संस्था लोकलच्या अंतरावर आहे, बायोगॅस प्रत्येक नगरपालिकेच्या कचऱ्यात दडलेला आहे, आणि शिफ्टमध्ये तापमानाची नोंद ठेवायची सवय असलेले केमिस्ट अंबरनाथ-बदलापुरात पैशाला पासरी मिळतील. सध्या हा बायोगॅस जिथे निघतो तिथे जाळला जातो किंवा शुद्ध करून सीएनजीसारखा विकला जातो, आणि वेगाचे आकडे हाती येईपर्यंत त्याचा तोच उपयोग शहाणपणाचा आहे.